रेघ फिकी झाली, आता काय समजू?

"डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी २७ वर्षांची आहे, राजारामपुरीत राहते, लग्नाला दोन वर्षं झाली. तुमच्या लेकीच्या वयाची असेन, म्हणून मोकळेपणानं लिहिते. माझी पाळी एकतीस-बत्तीस दिवसांनी येते. या वेळी शनिवारी यायला हवी होती, आली नाही. सोमवारी सकाळी किट लावलं तर दोन रेघा आल्या, दुसरी अगदी फिकी. बुधवारी सकाळी त्याच कंपनीचं लावलं, रेघ चांगली गडद. घरात सगळे खूश झाले. गुरुवारी संध्याकाळी मला राहवलं नाही. गल्लीतल्या मेडिकलमध्ये मागायला लाज वाटते, म्हणून लक्ष्मीपुरीतनं किट आणलं, ते दुसऱ्या कंपनीचं निघालं. पाच मिनिटं झाली तरी एकच रेघ. कपाटावर ठेवून दिलं आणि रात्री बघितलं तर दुसरी राखाडी रेघ दिसत होती. शुक्रवारी सकाळी त्याच दुसऱ्या कंपनीचं लावलं. रेघ आली, पण बुधवारपेक्षा कितीतरी फिकी. ओटीपोटात पाळीसारखं थोडं दुखतं, रक्त गेलेलं नाही. नणंद म्हणते, रेघ फिकी झाली म्हणजे राहिलेलं नाही. सासूबाई म्हणतात, रविवारी जोतिबाच्या पायऱ्या चढलीस, त्यानं झालं असंल. नवरा म्हणतो, अजून एक किट आणू. मला लई टेन्शन आलंय. गर्भ आहे की गेला?"

लेकीच्या वयाची म्हणालीस, म्हणून 'तू'च म्हणते.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी तुला दोन ओळींत कळवलं होतं: आणखी किट आणू नकोस, रक्ताची तपासणी करून घे. त्यामागचं कारण इथं सविस्तर लिहिते. तुझ्यासारखी पत्रं दर महिन्याला येतात आणि प्रत्येकीच्या घरात एक नणंद, एक सासूबाई आणि 'अजून एक आणू' म्हणणारा एक नवरा असतोच. सगळे मायेपोटीच बोलतात, पण त्या बोलण्यानं तुझा घोर वाढतो. हे लिहिताना तुझ्या रक्ताचा निकाल माझ्यासमोर नाही, म्हणून दोन्ही वाटा सांगणार आहे.

आधी ती रेघ येते कशानं ते बघू. बीज फळलं की लगेच शरीराला कळतं असं नसतं. ते नळीतून हळूहळू गर्भाशयात येतं आणि तिथल्या अस्तरात रुजतं. बीज सुटल्यापासून हे रुजायला साधारण सहा ते बारा दिवस लागतात, बहुतेकींचं आठव्या ते दहाव्या दिवसात होतं. रुजल्यावरच पुढं वार होणाऱ्या पेशी एचसीजी नावाचं संप्रेरक तयार करायला लागतात. ते आधी रक्तात उतरतं, मग लघवीत. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याची पातळी दोन-तीन दिवसांत दुपटीच्या आसपास जाते. आता हिशेब कर. एकीचं बीज आठव्या दिवशी रुजलं आणि दुसरीचं बाराव्या दिवशी, तर पाळी चुकल्याच्या दिवशी पहिलीच्या लघवीत भरपूर एचसीजी असेल आणि दुसरीच्या जेमतेम. गर्भ दोघींचेही ठीक असू शकतात. म्हणून मैत्रिणीच्या किटचा फोटो मोबाईलवर उजळ करून स्वतःच्या किटशेजारी धरायचा, हा उद्योग सोडून द्यायचा.

किटच्या पट्टीत जांभळट-गुलाबी रंगाचे अतिशय बारीक कण असतात. लघवीतलं एचसीजी त्या कणांना चिकटतं, पट्टीवरून पुढं सरकतं आणि 'टी' लिहिलेल्या जागी अडकतं. तिथं कण साठले की रेघ दिसते. उरलेले कण पुढं 'सी'पाशी अडकतात. 'सी'ची रेघ सांगते की पट्टी नीट चालली, एवढंच. ती आली नाही तर ते किट बाद, मग 'टी'पाशी काहीही दिसो. आपल्याकडच्या बऱ्याचशा किटना लघवीत दर मिलिलिटरला २५ मिली-युनिटच्या आसपास एचसीजी असलं की ते ओळखता येतं. त्या मर्यादेच्या वर आहे का, हा एकच प्रश्न विचारायला ही पट्टी बनवलेली आहे. 'किती आहे' आणि 'कालच्यापेक्षा वाढलं का' हे विचारायला ती बनवलेलीच नाही. आपण मात्र रेघेच्या रंगावरून नेमकं तेच वाचत बसतो. तुझा सगळा गोंधळ इथून सुरू झाला आहे.

आता तुझी चार किट एकेक करून बघते, कारण तू दिवस, वेळ आणि कंपनी नीट लिहिली आहेस, त्याचा फार उपयोग झाला.

सोमवार आणि बुधवार ही जोडी सगळ्यांत विश्वासाची. कंपनी तीच, दोन्ही वेळा सकाळची पहिली लघवी, मध्ये ४८ तास. फिकी रेघ गडद झाली. म्हणजे त्या दोन दिवसांत एचसीजी वाढलं असावं. याहून जास्त अर्थ त्यातून काढता येत नाही, पण एवढा काढता येतो आणि तो चांगला आहे.

गुरुवारचं किट संध्याकाळचं. रात्रभर साठलेली लघवी घट्ट असते. दिवसभर पाणी, ताक, चहा पोटात गेला की ती पातळ होते. आमटीत पाणी ओतलं म्हणून त्यातलं तिखट कमी होत नाही, जिभेला कमी लागतं. इथंही तसंच. रक्तातलं एचसीजी दुपारी कमी झालेलं नसतं, लघवीच्या त्या तीन थेंबांत ते कमी आलेलं असतं. पाळी चुकून पंधरा-वीस दिवस झाले की सकाळ-संध्याकाळचा फरक सहसा राहत नाही, कारण तोवर पातळी हजारांत गेलेली असते. पहिल्या आठवड्यात मात्र हा फरक 'आहे' आणि 'नाही' इतका मोठा दिसू शकतो.

आणि ती रात्रीची राखाडी रेघ? ती हिशेबातच धरू नकोस. किटच्या कागदावर वेळ दिलेली असते, बहुधा पाच मिनिटं, आणि त्यानंतर बघू नका असंही छापलेलं असतं. पट्टी वाळायला लागली की जिथं रेघ यायची तिथं ओल उडून जाताना एक पुसट, राखाडी, रंग नसलेली खूण राहू शकते. गर्भ नसलेल्या बाईच्या किटवरही ती उमटते. खरी रेघ गुलाबी किंवा जांभळट असते, 'सी'च्या रेघेच्याच रंगाची. ती फिकी असेल, पण तिला रंग असतो, आणि ती दिलेल्या वेळेत येते. कपाटावर, खिडकीत, कचऱ्याच्या डब्यात टाकलेलं किट तासाभरानं पुन्हा काढून बघितल्यामुळं किती जणी खोट्या आनंदात किंवा खोट्या दुःखात रात्र काढतात! वेळ संपली की किट कागदात गुंडाळून टाकून द्यायचं.

राहिला शुक्रवार. तू त्याची तुलना बुधवारशी केलीस, पण दोन्ही दिवसांची कंपनी वेगळी. प्रत्येक कंपनीच्या पट्टीत रंगाचे कण कमी-जास्त असतात, पट्टीची ओळखण्याची ताकद वेगळी असते. एकाच कंपनीच्या दोन वेगवेगळ्या लॉटमध्येही फरक पडतो. ड्रॉपरनं दोन थेंब टाकले की तीन, थेंबाबरोबर हवेचा बुडबुडा गेला का, यानंही रेघ बदलते. शुक्रवारची तुलना करायचीच तर गुरुवारच्या किटशी कर. तिथं काहीच नव्हतं आणि शुक्रवारी रेघ आली. त्या नजरेनं बघितलं तर तुझी शुक्रवारची 'फिकी' रेघ वाईट बातमी ठरत नाही. पण ती चांगली बातमी आहे असंही मी म्हणणार नाही. पट्टी बघून तसं कुणालाच म्हणता येणार नाही, मलासुद्धा नाही. माझ्या ओपीडीत बायका पर्समधून चार-पाच वापरलेली किट काढून टेबलावर मांडतात आणि माझ्या तोंडाकडं बघतात. ती किट बाजूला ठेवून मी रक्ताचा कागद लिहून देते.

एक जाता जाता. किट विकत आणून स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलं, असं होतं. बहुतेक पाकिटांवर ३० अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि एप्रिल-मे महिन्यात उन्हातल्या डिकीचं तापमान त्याच्या किती तरी पुढं जातं. तारीख उलटून गेलेलं किटही कधी कधी हातात येतं. पाकीट फोडण्याआधी तारीख बघावी, आणि फोडल्यावर लगेच वापरावं.

आता ती दुसरी शक्यता. नणंदेचं बोलणं ऐकून तू तिलाच घाबरली आहेस, त्यामुळं ती टाळून पुढं जाणं बरं नाही. कधी कधी बीज रुजतं, एचसीजी तयार व्हायला लागतं, किटवर रेघ येते, आणि काही दिवसांतच वाढ थांबते. मग रेघ फिकी होत जाते, नाहीशी होते आणि चार-आठ दिवस लांबलेली पाळी येते, नेहमीपेक्षा थोडी जास्त. याला डॉक्टर 'केमिकल प्रेग्नन्सी' म्हणतात, म्हणजे सोनोग्राफीत दिसण्याआधीच संपलेली गर्भधारणा. हे फार वेळा होतं. अमेरिकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२१ बायकांची रोजची लघवी तपासली होती. त्यांच्यात १९८ गर्भधारणा सापडल्या, आणि त्यातल्या २२ टक्के कुणाला पत्ता लागण्याआधीच संपल्या होत्या. आपल्या आया-आज्यांच्या वेळी याला 'पाळी चार दिवस लांबली' असं म्हणून सगळे कामाला लागायचे. आता किट स्वस्त झालं आणि पाळीच्या आधीपासून लावलं जातं, म्हणून जे पूर्वी कळतच नव्हतं ते कळायला लागलं.

असं होण्याची कारणं बहुतेक वेळा त्या बीजातच असतात. लवकर थांबलेल्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्या किंवा मांडणी चुकलेली आढळते. ती चूक बीज तयार होताना किंवा फळतानाच होते. त्यानंतर आईनं काय खाल्लं, किती जिने चढली, याच्याशी तिचा संबंध नसतो. म्हणून सासूबाईंना माझ्यातर्फे नमस्कार सांग आणि हेही सांग, की जोतिबाच्या पायऱ्यांनी गर्भ पडत नाही. स्कूटरवरून ऑफिसला गेल्यानं पडत नाही, धुण्याची बादली उचलल्यानं पडत नाही, पिकलेल्या पपईची एक फोड खाल्ल्यानं पडत नाही. मी हे दरवेळी ठासून सांगते, कारण पुढं काही वाईट झालंच तर बाई आयुष्यभर त्या एका रविवारचा हिशेब करत बसते. देवाला जाऊन आल्याचा दोष तरी कुणी तिच्या माथी मारू नये.

तर मग करायचं काय? रक्तातलं 'बीटा एचसीजी' तपासायचं, आणि लॅबमध्ये सांगायचं की आकडा हवा आहे, नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नको. उपाशीपोटी जायची गरज नाही. पहिलं रक्त दिल्यानंतर बरोबर ४८ तासांनी पुन्हा द्यायचं, आणि त्याच लॅबमध्ये. पहिलं एका लॅबमध्ये आणि दुसरं दुसऱ्या, असं केलंस तर किटच्या दोन कंपन्यांसारखाच घोळ होईल, कारण लॅबची यंत्रंही वेगवेगळी असतात.

पहिला आकडा ५ च्या आत असेल तर गर्भधारणा नाही. ५ ते २५ च्या मध्ये असेल तर काहीच ठरत नाही, पुन्हा बघायचं. २५ च्या वर असेल तर आहे. पण पहिल्या आकड्यावरून 'कमी आहे हो' असं कुणी म्हणालं तर लगेच रडायला बसू नकोस. चौथ्या आठवड्यात एकीचा आकडा पन्नास असतो, दुसरीचा चारशे, आणि दोघींचे गर्भ छान वाढतात. खरी माहिती दोन आकड्यांच्या मधल्या फरकात असते. 'दोन दिवसांत दुप्पट झालंच पाहिजे' असं सगळीकडं वाचायला मिळतं आणि त्यानं उगाच घबराट होते. पहिला आकडा १५०० च्या आत असेल तर ४८ तासांत निदान ४९ टक्के वाढ दिसली तरी ती वाढ चालण्यासारखी धरतात. म्हणजे २०० चे ३०० झाले तरी चालतं. पातळी जसजशी वर जाते तसतसा वेग आणखी मंदावतो.

आकडा घसरला, समजा २०० चे ९० झाले, तर ती गर्भधारणा थांबली आहे. अशा वेळी बहुतेकींना काही करावं लागत नाही. गोळ्या नाहीत, पिशवी धुणं नाही. रक्तस्राव आपोआप होतो. आकडा ५ च्या खाली गेला की नाही एवढं बघून घ्यायचं. तोवर किटवर पुसट रेघ येत राहू शकते, तिच्यावरून नवी आशा धरायची नाही. पुढची पाळी झाली की पुन्हा प्रयत्न करायला सहसा हरकत नसते, तीन-तीन महिने थांबायची गरज नाही. एकदा असं झालं म्हणजे तुझ्यात दोष आहे असं नाही. उलट बीज फळतं आणि रुजतं हे त्यातून कळतं. पुन्हा पुन्हा झालं तर मात्र कारण शोधायला हवं.

आणि तसं झालंच, तर तुला वाईट वाटू दे. घरचे म्हणतील, 'काही राहिलंच नव्हतं, एवढं काय त्यात!' पण बुधवारी गडद रेघ बघून सगळे खूश झाले होतेच ना? तू मनात नाव ठेवण्यापर्यंत गेली असशील, डिलिव्हरीचा महिना मोजला असशील. चार दिवसांचं असलं तरी ते होतं. नणंदेनं त्या वेळी गप्प बसून तुझ्यासाठी कपभर चहा केला तरी पुष्कळ झालं.

तिसरी एक शक्यता आहे आणि तिच्याबद्दल मला सगळ्यांत काळजीनं लिहायचं आहे. आकडा वाढतो, पण रडत-रखडत वाढतो, किंवा एकाच जागी अडकतो. अशा वेळी गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत रुजला आहे का, हे बघावंच लागतं. शंभर गर्भधारणांत एक ते दोन अशा असतात. आधी नळीचं ऑपरेशन झालेलं असेल, आधीचा गर्भ नळीत राहिलेला असेल, ओटीपोटात जंतुसंसर्ग किंवा तिथला टीबी होऊन गेला असेल, तांबी बसवलेली असताना दिवस गेले असतील, तर धोका जास्त. पण यातलं काहीही नसताना सुद्धा होतं. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो आणि जिवावर बेततं. रेघ फिकी आहे म्हणून हा धोका कमी, असं अजिबात नाही.

तुझं पाळीसारखं हलकं दुखणं पहिल्या आठवड्यांत बऱ्याच जणींना असतं, त्यानं मी घाबरलेली नाही. पण दुखणं एका बाजूला येऊन टोचायला लागलं, वाढत गेलं, तांबूस किंवा तपकिरी डाग दिसायला लागले, खांद्याच्या टोकाला दुखायला लागलं, संडासला जोर येतोय असं सारखं वाटलं, चक्कर आली, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. जवळचं कुठलंही स्त्रीरोगाची सोय असलेलं हॉस्पिटल चालेल. नाहीतर सीपीआर, म्हणजे आपलं कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, चोवीस तास उघडं आहे. गाडी नसेल तर १०८ ला फोन. स्कूटरवर मागं बसून जायचं नाही, वाटेत भोवळ येऊ शकते. तिथं गेल्यावर पहिलं वाक्य हे बोलायचं: 'पाळी चुकलीय, किटवर रेघ आलीय, आणि पोटात दुखतंय.' हे एक वाक्य ऐकलं की डॉक्टरांना पुढचं सुचतं. 'गॅस झालाय' म्हणून ओवा खाऊन झोपून गेलेल्या बाया उशिरा येतात, तेव्हा फार धावपळ होते.

सोनोग्राफीची घाई करू नकोस, असंही सांगते. हा मोह फार होतो. आज सोनोग्राफी केली आणि काही दिसलं नाही, की पुन्हा आठवडाभर झोप नाही. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर पाचव्या आठवड्याच्या सुमाराला खालून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची पिशवी दिसते आणि सहाव्या आठवड्यानंतर ठोके दिसायला लागतात. त्यातून तुझी पाळी ३१-३२ दिवसांची, म्हणजे तुझं बीज चौदाव्या दिवशी सुटत नाही, तीन-चार दिवस उशिरा सुटतं. मोबाईलमधलं ॲप २८ दिवस धरून मोजत असेल तर ते तुला चार दिवस पुढंच दाखवणार. रक्ताचे दोन्ही आकडे चांगले आले आणि दुखत नसेल, तर सातव्या आठवड्याच्या आसपास एकदाच सोनोग्राफी कर. आकडे नीट नसतील किंवा दुखत असेल, तर डॉक्टर लगेच करतील, तेव्हा आठवडा मोजत बसायचं नाही.

मेडिकलमधून स्वतःच्या मनानं काय घ्यायचं नाही तेही लिहिते, कारण लक्ष्मीपुरीपर्यंत किट आणायला गेलेली बाई तिथं आणखी काहीबाही ऐकून येते. पाळी येण्याच्या गोळ्या नकोत. रेघ निगेटिव्ह आली म्हणून त्या घेतात आणि आठवड्यानं कळतं की दिवस गेले होते. गर्भपाताच्या गोळ्या तर सोनोग्राफी आणि डॉक्टरांशिवाय कधीच नकोत. गर्भ नळीत असला तर त्या गोळ्यांनी तो जात नाही, आणि रक्त गेलं म्हणजे सुटलो असं वाटून बाई धोक्यात राहते. 'गर्भ टिकायच्या' गोळ्याही रेघ फिकी झाली म्हणून सुरू करायच्या नसतात. ज्यांचे आधी गर्भपात झालेत आणि या वेळी रक्त जातंय अशांना डॉक्टर प्रोजेस्टेरॉन देतात, त्याचं कारण वेगळं आहे. ज्या बीजाची वाढ थांबली आहे ते कुठल्याच गोळीनं पुढं जात नाही.

एक गोळी मात्र आजपासून घे, फोलिक ॲसिड. रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. मेडिकलमध्ये बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी पुढं करतात, ती काही ठराविक कारणांसाठी असते, तेव्हा डॉक्टरांना विचारून मात्रा ठरव. बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू पहिल्या काही आठवड्यांतच घडतो, म्हणून निकालाची वाट न बघता सुरू करायची. थायरॉइड, फिट, ब्लडप्रेशर किंवा चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी काही औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना लगेच सांग.

हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या काही जणींसाठी दोन गोष्टी. वंध्यत्वाच्या उपचारात बीज फुटायला जे इंजेक्शन देतात, त्यात बहुधा एचसीजीच असतं. ते टोचल्यावर दहा-चौदा दिवसांत किट लावलं तर इंजेक्शनचीच रेघ येते आणि नंतर फिकी होत जाते. गर्भ आला आणि गेला असं वाटतं, तसं काहीच झालेलं नसतं. आणि ज्यांना दोन-अडीच महिने झालेत त्यांनी गंमत म्हणूनही किट लावू नये. तोवर लघवीत एचसीजी आणि त्याचे तुकडे इतके वाढलेले असतात की पट्टीची ताकदच कमी पडते आणि रेघ उलट फिकी दिसू शकते. गेल्या खेपेला ठोके बघून आलेली एक बाई अशा रेघेपायी रडत माझ्याकडं आली होती, बाळ व्यवस्थित होतं.

किट मागायला लाज वाटते म्हणालीस. दोन वर्षांच्या लग्नानंतरही तुला चार गल्ल्या ओलांडून जावं लागतं, हे वाचून मला वाईट वाटलं. यापुढं नवऱ्याला पाठव. त्यालाही कळू दे की ही दोघांची गोष्ट आहे. करवीर, पन्हाळा, राधानगरीकडच्या गावांतल्या बायकांनी आशाताईंकडं मागावं. त्यांच्याकडं सरकारनं दिलेलं 'निश्चय' नावाचं किट असतं, फुकट मिळतं.

रक्त द्यायला जाताना एका कागदावर शेवटच्या पाळीची तारीख, चारही किटचे वार आणि वेळा, आणि चालू औषधं लिहून ने. मला लिहिलंस तसंच लिही, फार नीट लिहिलं होतंस. दुसऱ्या आकड्याच्या दिवशी नवऱ्यानं सोबत यावं आणि रिपोर्ट दोघांनी मिळून डॉक्टरांसमोर उघडावा, मोबाईलवर रात्री एकटीनं नको. रक्तगट माहीत नसेल तर पहिल्या रक्ताबरोबरच तोही करून घे. तो निगेटिव्ह निघाला आणि पुढं कधी रक्त जायला लागलं, तर पुढच्या खेपेच्या बाळाला त्रास होऊ नये म्हणून देतात ते अँटी-डी इंजेक्शन लागेल का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी ठरवावं लागतं.